सायकल ट्रॅकचं निवेदन घेऊन निघण्याआधी

टोपी, पाण्याची बाटली, चार्ज केलेला फोन हे सांगत बसत नाही. आधी पोच. निवेदनाच्या दोन प्रती काढा, एक आवक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच जिना उतरा. मागच्या खेपेला आम्ही सह्यांचा अख्खा गठ्ठा थेट साहेबांच्या हातात दिला, फोटो काढला, खाली येऊन चहा प्यायलो. काही महिन्यांनी विचारायला गेलो तर साहेबांची बदली झालेली आणि गठ्ठा कुणी पाहिलेलाच नाही. मूळ सह्याही त्यातच गेल्या. तेव्हा मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स द्या आणि पोच घ्या. साहेब कितीही गोड बोलले तरी घ्या.

आता रस्ता कुणाचा ते बघा. पुण्यात बारा मीटरपेक्षा रुंद रस्ते महापालिकेच्या पथ विभागाकडे, त्याहून अरुंद क्षेत्रीय कार्यालयाकडे. खात्री नसेल तर दोन्हीकडे द्या. पोच दोन होतील, बिघडलं कुठे?

सायकलवाल्यांची मोजणी कामाच्या दिवशीच करा. रविवारी पहाटे सिंहगडाकडे निघणारे हेल्मेटवाले मोजून नेलेत की 'हौशी लोक आहेत' म्हणून कागद बाजूला पडतो. सकाळी सात ते दहा चौकात उभं राहिलात तर खरे सायकलवाले दिसतात: रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन, कॅरिअरला डबा बांधलेला बांधकामावरचा मजूर, दप्तर हँडलला अडकवलेली पोरं. ट्रॅक असूनही रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी वेगळा रकाना ठेवा आणि दोघातिघांना थांबवून कारण विचारा. आख्ख्या निवेदनात तोच रकाना अभियंता नीट वाचतो.

'ट्रॅकची दुरवस्था झाली आहे' असलं काही लिहू नका. दिव्याच्या खांबाचा नंबर लिहा, फोटोतही तो येऊ द्या. अमुक खांबापाशी पावसाळी जाळीच्या फटी चाकाच्या दिशेनेच आहेत, पुढचं चाक आत जातं. तमुक खांबापाशी चेंबरचं झाकण पेव्हर ब्लॉकच्या खाली चार बोटं गेलंय. बोलार्ड, म्हणजे गाड्या ट्रॅकवर चढू नयेत म्हणून रोवलेले बुटके खांब, त्यांच्यामधलं अंतर टेपने मोजा. काही ठिकाणी ते इतके जवळ आहेत की सामान लादलेली सायकल अडते, तर पुढच्याच चौकात इतके लांब की ॲक्टिव्हा आरामात ट्रॅकवर चढते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

पुणे पूर्वी सायकलींचं शहर होतं हा परिच्छेद काढून टाका, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने मंजूर केलेल्या सायकल आराखड्यातलं तुमच्या रस्त्याचं पान जोडा. त्यांनीच मंजूर केलेलं मागताय, उपकार नाही. ट्रॅकच्या रचनेबद्दल वाद निघाला तर 'आयआरसी ११ : २०१५' चं, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या सायकल ट्रॅकच्या नियमावलीचं नाव घ्या.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत जाऊन फाइल स्वतः बघायची सोय होती, ती आता चालू आहे का ते आधी विचारा. पण 'कुठली फाइल?' असं विचारल्यावर सांगायला आवक क्रमांक हवा ना? म्हणून म्हणतोय, पोच! ईमेल केला असला तरी कागद द्या, पोच घ्या. पोचेचा फोटो ग्रुपवर टाका, नाहीतर ज्याच्याकडे ती असते तो नेमका गावाला जातो.

नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं महापालिका आपल्या अंदाजपत्रकात घेते, त्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकाचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात घेतात. एका कामाला पाच लाखांची मर्यादा असते. तेवढ्यात ट्रॅक होत नाही, पण जाळ्या फिरवणं आणि चौकातले उतार करून घेणं होतं. दिवाळीनंतर जागे झालात तर वर्ष गेलं. हाही अर्ज पोच घेऊनच.

पथारीवाल्यांशी भांडू नका. ट्रॅकवर बसायला त्यांना कुणी भाग पाडलं ते आधी बघा. दुकानदारांना निवेदनाआधी भेटा, पार्किंगवरून आरडाओरडा तेच करणार. वाहतूक पोलिसांना एक प्रत. सायकल फेरी काढायची तर परवानगी, छोटा मार्ग, पंक्चरचं सामान. बातमीसाठी एक पान पुरे, फोटो दोन.

काम सुरू झालं की टेप घेऊन जागेवर जा आणि मुकादमाचा नंबर घ्या. काँक्रीट ओलं आहे तोवरच बोला, वाळल्यावर कुणी फोडत नाही.