पडलेला दात घासू नका: दाताला मार लागल्यावर या चुका टाळा

संक्रांतीची दुपार. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या घरामागे पोरं गिल्ली-डंडा खेळत होती. गिल्ली उडाली ती थेट माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याच्या तोंडावर, आणि वरचा पुढचा दात मुळासकट मातीत पडला. दात लगेच सापडला. मी तो नळाखाली धरला, ब्रशने स्वच्छ घासला, कापसात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि आम्ही दवाखाना शोधायला निघालो. सणामुळे दोन ठिकाणी कुलूप होतं. दात परत बसवेपर्यंत दीड तास गेला. बसला, पण टिकला नाही. माझं काय चुकलं ते मला फार उशिरा कळलं.

दाताच्या मुळावर एक पातळ पापुद्रा असतो. त्यातल्या जिवंत पेशी आणि तंतू दाताला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवतात. पडलेल्या दातावर तोच पापुद्रा ओलसर, मळकट दिसतो आणि आपण घाण समजून घासून काढतो. दात कोरडा राहिला तर अर्ध्या तासात यातल्या बहुतेक पेशी मरतात, तासाभरात जवळजवळ काहीच उरत नाही. साध्या पाण्यात बुडवून ठेवला तर पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. मग बसवलेल्या दाताला हाड थेट चिकटतं आणि मूळ हळूहळू झिजत जातं. मुलाचा जबडा वाढतो, पण तो दात जागचा हलत नाही. वर्षभराने भाचा आरशासमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, माझा दात वर का चाललाय?" तेव्हा माझे डोळे भरून आले.

पुन्हा असं झालं तर मी काय करीन ते सांगते. दात पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवायचा. यातलं काहीच नसेल तर नळाखाली काही सेकंद चालतील, पण चोळायचं नाही. मग शेजारचा दात पाहून पुढची-मागची बाजू ओळखायची, तो त्याच्या खाचेत अलगद दाबून बसवायचा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं. हात थरथरतात, धीर होत नाही, हे मला माहीत आहे. तसं असेल तर पेला भरून थंड दूध घ्या आणि त्यात दात टाका. सांची दुधाची थैली आमच्याकडे प्रत्येक गल्लीच्या दुकानात मिळते. फक्त साखर घातलेलं किंवा फ्लेवरचं दूध नको. दूधही नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला सांगा आणि त्या थुंकीत दात ठेवा. लहान मुलाच्या गालात दात ठेवू नका, घाबरून गिळला जातो.

दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. खाली पक्क्या दाताचा अंकुर असतो, त्याला इजा होते. सहा वर्षांखालच्या मुलांचे पुढचे दात बहुधा दुधाचेच असतात. सहा ते नऊ या वयात गोंधळ होतो. तेव्हा दात दुधात ठेवून डॉक्टरांकडे न्या, ते ठरवतील.

दात पडला नाही, नुसता हलतोय? घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "हलतोय तर काढूनच टाका." पक्का दात असा कधीही काढू नका, बोटाने किंवा जिभेने हलवूनही पाहू नका. सरकलेला दात डॉक्टर जागेवर आणून शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधतात, साधारण दोन ते चार आठवडे. तुटला असेल तर तुकडा शोधून दुधात किंवा पाण्यात घेऊन जा, पुष्कळदा तोच चिकटवता येतो. तुकडा सापडलाच नाही तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो ओठात रुतलेला किंवा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.

हळद भरणं, लवंगेचं तेल लावणं, हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवणं नको. गोळीने हिरडी भाजते. स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा आणि बाहेरून बर्फ लावा.

मूल बेशुद्ध झालं, उलट्या झाल्या किंवा गुंगीत असेल तर दात बाजूला ठेवा, आधी मोठं हॉस्पिटल गाठा.

आपल्या डेंटिस्टना आजच विचारून ठेवा की सणाच्या दिवशी ते कुठे भेटतील. इंदूरमध्ये असाल तर एम.वाय. हॉस्पिटलजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजचा रस्ताही घरातल्या मोठ्यांना माहीत असू द्या. तिथे धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

दात बसवल्यावर दोन आठवडे मऊ खाणं. पोहे चालतील, पण वर शेव नको. मऊ ब्रश वापरा. दुखत नाही म्हणून पुढच्या तारखा चुकवू नका: मूळ पूर्ण तयार झालेल्या दाताचं रूट कॅनाल बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू करावं लागतं, आणि नुसता मार लागलेला दातही कित्येक महिन्यांनी आतून मरून राखाडी पडू शकतो.