नेढं बघा, मगच डबी बंद करा

थंडीत फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेलं किड्याचं किंवा छोट्या माशाचं खोटं आमिष, घेऊन मासे धरायला पाण्यावर जायचं असेल तर तयारीला दिवाळीआधी लागा. बांधायला बसलं की काहीतरी कमी पडतंच, आणि ते नेमकं रविवारी रात्री लक्षात येतं. एक गोष्ट आत्ताच सांगतो, पुढेही सांगत राहणार आहे: फ्लाय बांधून झाली की गळाचं नेढं, म्हणजे दोरी ओवायचं भोक, मोकळं आहे का ते बघा. मागच्या खेपेला मी भरलेली डबी घेऊन गेलो आणि निम्म्याहून जास्त गळांच्या नेढ्यात वार्निश वाळून दगड झालं होतं. पहाटे, गारठलेल्या बोटांनी, जवळ टाचणी नसताना ते उकरत बसायची हौस असेल तर खुशाल दुर्लक्ष करा.

रॉड, रील, टोपी, पाणी, डबा. हे सांगायला नको.

आधी कुठला मासा, ते ठरवा. लोक उलट करतात, सुंदर दिसल्या म्हणून फ्लाय घेतात आणि मग त्यांना मासा शोधत फिरतात. थंड देशातल्या ट्राउट माशासाठी बांधलेल्या सोळा-अठरा नंबरच्या नाजूक फ्लाय पुण्याच्या आसपासच्या धरणांवर बहुतेक वेळा डबीतच राहतात. इथे चिलापी आहे, मरळ आहे, नशीब असेल तर महाशीर. चिलापीला दहा-बारा नंबरच्या गळावरची लहान निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीची नक्कल) किंवा काळा-हिरवा वुली बगर (झुपकेदार शेपटीची फ्लाय) पुरतो. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, हे लक्षात ठेवा. पहिली खरेदी सगळ्यांची इथेच चुकते. मरळीला पाण्यावर फटफट आवाज करणारा फोमचा पॉपर लागतो, तोही शेवाळ-पाणवनस्पतींत न अडकणारा. म्हणजे गळाच्या टोकापुढे जाड नायलॉनचा छोटा आडोसा बांधायचा. पृष्ठभागाखाली लालसर पिल्लांचा गोळा हलताना दिसला तर फ्लाय टाकू नका. खाली आईबाप राखणीला असतात, ते झडप घालतीलच, पण त्यांना काढलं की मागची पिल्लं संपली.

महाशीरसाठी गळात काटकसर नको. त्याच्या तोंडात दात नसतात, दात घशात असतात, आणि ओढ अशी की बारीक तारेचा गळ सरळ होऊन परत येतो. चार ते सहा नंबरचा जाड गळ घ्या आणि त्यावर क्लाउझर बांधा. बॉब क्लाउझर या अमेरिकी माणसाने ही फ्लाय तिकडच्या नदीतल्या बास माशासाठी काढली. डोळ्यांच्या जागी वजन असल्यामुळे ती पाण्यात उलटी पोहते, गळाचं टोक वर राहतं, आणि आपल्या खडकाळ तळाशी ती कमी अडकते. त्या डोळ्यांसाठी बाहेरून माल मागवायची गरज नाही. बोहरी आळीत मण्यांची स्टीलची साखळी मिळते, तिचे दोन-दोन मणी कापले की झालं. उंबर-जांभूळ पाण्यावर वाकलेलं असेल तिथे महाशीर फळंही खातो, तेव्हा तांबड्या-जांभळ्या फोमचा एक गोल गोळा डबीत असू द्या.

महाशीरच्या आपल्याकडच्या जातीचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये तिचं वर्णन छापलं ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज त्या पाण्याकडे बघून हे कुणाला खरं वाटणार नाही. लोणावळ्याला वळवणजवळ टाटांचं महाशीर पैदास केंद्र आहे, तिथून पिल्लं देशात बऱ्याच ठिकाणी गेली. पावसाळा हा त्यांचा अंडी घालायचा काळ, तेव्हा त्यांना सोडा. पाणी तसंही गढूळ असतं, फ्लाय दिसत नाही.

आता सामान. दोरा अप्पा बळवंत चौकात किंवा तुळशीबागेत शोधायला निघाल तर शिंप्याचा दोरा घेऊन याल. तो जाड असतो, चार वेढ्यांत फ्लायचं डोकं, म्हणजे नेढ्यामागची दोऱ्याची गुंडाळी, फुगतं आणि ते फुगलेलं डोकं थेट नेढ्यावर जाऊन बसतं. फ्लायचाच दोरा मागवा, सहा-शून्य (6/0) जाडीचा पुरेसा आहे. बाकीचं मात्र गावात मिळतं. रविवार पेठेत प्लॅस्टिकची जर मिळते, ती पोटावरच्या चकाकीला उत्तम. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे तांब्याच्या तारेचे तुकडे मिळतात, निम्फच्या वजनाला तेच. अप्पा बळवंतला जायचंच तर फोम शीटसाठी जा, आणि त्यातला फिकट तपकिरी रंग जास्त घ्या. वळवाच्या सरीनंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यांभोवती घोंगावते ना, तीच पाण्यावर पडली की चिलापी वेडी होते, आणि त्या रंगाची साधी फोमची फ्लाय त्या संध्याकाळी बाकी सगळ्यांना मागे टाकते.

पिसांसाठी गावरान कोंबडा. मानेची पिसं लांब, ताठ, पाणी न पिणारी हवीत. ब्रॉयलर लहान वयात कापतात, त्याची पिसं मऊ, लिबलिबीत. छोट्या बगरच्या शेपटीला चालतील, तरंगणाऱ्या फ्लायला अजिबात नाही. मटण-चिकनच्या दुकानात आधी सांगून ठेवलं की मान बाजूला ठेवतात, फक्त का हवी ते समजावण्यात पाच मिनिटं जातात. घरी आणल्यावर शाम्पूने धुवा, पूर्ण वाळवा, डांबरगोळी टाकून बंद पिशवीत ठेवा. घरच्यांना आधी कल्पना द्या.

रानकोंबड्याच्या पिसांना मात्र हात लावायचा नाही. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचे थेंब पडल्यासारखे पिवळे-पांढरे ठिपके असतात, आणि त्यासाठी इंग्रज लोक सॅमन फ्लायवर ती पिसं हौसेने बांधत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो पक्षी संरक्षित आहे. ट्रेकला गेलात आणि कुणी ‘घ्या साहेब’ म्हणालं तरी नाही म्हणा. सांबर-चितळाच्या केसांचंही तेच, त्याऐवजी फोम वापरा. मोराचं आपोआप गळालेलं पीस वापरता येतं, पण त्याची फ्लाय बांधून परदेशातल्या भाच्याला पाठवू नका, निर्यातीला बंदी आहे.

बांधणी. व्हाइस, म्हणजे गळ धरून ठेवणारा छोटा शिकंजा, टेबलाला घट्ट, दिवा डावीकडून. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करा. गळ मोडायचा असेल तर तो आत्ता मोडू दे, अर्धा तास घालवल्यावर नको. मासा सोडतानाही सपाट काटा सहज निघतो. मग दोरा सुरू करा, आणि नेढ्याला चिकटून सुरू करू नका. मागे नेढ्याच्या दीडपट तरी जागा रिकामी सोडा. ती जागा तुमची नाही, डोक्याची आणि गाठीची आहे. नवखा माणूस शेपूट, पोट, पीस सगळं पुढे रेटत आणतो आणि शेवटी गाठ मारायला जागाच उरत नाही, मग ती नेढ्यावर चढते. राजगडाच्या नेढ्यात माणसं आरामात बसतात, तुमच्या गळाच्या नेढ्यातून केस जाईना. जागा सोडा म्हणजे सोडा.

शेवटची गाठ मारली की डोक्यावर वार्निश किंवा नखांचं पारदर्शक पॉलिश. बाटलीतला ब्रश थेट लावायचा नाही! सुईच्या टोकावर एक थेंब घ्या आणि डोक्यावर टेकवा. ओलं आहे तोवर पिसाची दांडी नेढ्यातून एकदा आरपार ओढा. मग दिव्यासमोर धरा, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. मग तुम्ही जी टिपेट, म्हणजे लाइनच्या टोकाचा फ्लायला बांधायचा बारीक धागा, लावणार आहात तीच त्यातून घालून बघा. गळाच्या नंबरला तीनने भागलं की टिपेटच्या जाडीचा एक्स नंबर साधारण येतो, म्हणजे बारा नंबरला चार एक्स. महाशीरला हा हिशेब विसरा आणि जाड टिपेट घ्या, आणि जाड म्हणजे नेढं आणखी मोकळं हवं. हे एका फ्लायला करा आणि मगच दुसरी व्हाइसमध्ये लावा. ‘शेवटी सगळी एकदम बघू’ असं म्हणाल तर शेवटी झोप आलेली असते.

परवानगी. धरणांवर मासेमारीचे ठेके असतात, स्थानिक संस्था किंवा ठेकेदाराला विचारून पैसे भरा, पावती जवळ ठेवा. खडकवासल्याच्या एनडीएच्या, म्हणजे लष्करी प्रबोधिनीच्या, बाजूला फिरकूही नका. देहू-आळंदीला इंद्रायणीत गळ नाही, तिथले मासे देवाचे. घसरडे काठ एकट्याने नकोत.

पिशवीत कात्री, पक्कड, गॉगल. गॉगल डोळ्यांसाठी, वाऱ्यात फ्लाय कुठेही लागते. आणि एक जाड सुई, कॉर्कमध्ये खोचलेली, एवढं सांगूनही एखादं नेढं बुजलेलं निघतंच.

टिपेटला फ्लाय बांधताना गाठ ओली करून आवळा. परत आल्यावर डबी उघडी ठेवून वाळवा, गळ गंजतात.