युरोपातल्या राउंडअबाउटवर या चुका टाळा

नोकरीसाठी युरोपात आलेली आपली मंडळी महामार्गाला घाबरतात आणि राउंडअबाउट, म्हणजे चौकातलं गोल चक्र, गृहीत धरतात. भीती उलट्या जागी आहे. महामार्गावरचे नियम देशोदेशी बरेचसे सारखे असतात, राउंडअबाउटचे नसतात. ‘आत आहे त्याला आधी जाऊ द्यायचं, एवढंच ना?’ असं विचारून गाडी काढणाऱ्यांची मला काळजी वाटते. दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून नियम कळत असेल, पण मान कधी कुठे वळवायची ते अंगात भिनत नाही.

मी राउंडअबाउटच्या बाजूची आहे. साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना भिडू शकतील अशा ३२ जागा असतात, एकपदरी राउंडअबाउटवर ८. वेग आपोआप उतरतो आणि काटकोनातली जीवघेणी धडक जवळजवळ संपते. पण या फायद्याचा मोठा वाटा गाडीत बसलेल्यांकडे जातो. सायकलवाले आणि अंध पादचारी यांच्यासाठी हीच जागा अवघड असते. शिवाय एका रस्त्याची रहदारी फार वाढली, की पुढच्या रस्त्यावरच्यांना आत शिरायला फटच मिळत नाही. म्हणून तर ब्रिटनमधल्या कित्येक मोठ्या राउंडअबाउटवर शेवटी सिग्नल बसवावे लागले.

एका देशाचा नियम दुसऱ्या देशात नेणं

ब्रिटनने १९६६ मध्ये ठरवलं, की आत शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. वाहतूक डावीकडून, म्हणून आपल्या लोकांना तिथे फारसं जड जात नाही. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले, तर बाकी युरोपात गाड्या उजवीकडून चालतात, चक्र घड्याळाच्या उलट फिरतं आणि शिरताना बघायचं असतं डावीकडे. फ्रान्समध्ये मुळात उजवीकडून येणाऱ्याचा, म्हणजे आत शिरणाऱ्याचाच हक्क होता. तो १९८४ पासून बदलला, पण शिरण्याच्या जागी तशी पाटी असेल तरच. पॅरिसच्या विजयकमानीभोवती १२ रस्ते येऊन मिळतात आणि तिथे आजही आत फिरणाऱ्याने थांबून शिरणाऱ्याला जागा द्यायची असते. जर्मनीत आणि ऑस्ट्रियातही वाट देण्याची पाटी नसेल तर उजवीकडच्याचा हक्क. त्यामुळे मी चक्राकडे बघायच्या आधी पाटी शोधते. वाट देण्याचा उलटा त्रिकोण दिसला तर मी आतल्याला आधी जाऊ देणार. नाही दिसला तर वेग आणखी कमी.

स्पेन आणि पोर्तुगाल तर शेजारी, तरी लेनचा हिशेब वेगळा. स्पेनमध्ये बाहेर पडायचं ते फक्त बाहेरच्या लेनमधून. आतल्या लेनमधून थेट बाहेर घुसलात तर चूक तुमची, आणि अख्खी फेरी बाहेरच्या लेनने मारायलाही हरकत नाही. पोर्तुगालमध्ये २०१४ पासून बाहेरची लेन पहिल्याच फाट्याला वळणाऱ्यासाठी. बाकीच्यांनी आतून जायचं आणि आपल्या आधीचा फाटा मागे पडला, की हळूहळू बाहेर यायचं. बादाखोसहून एल्वासला जाताना काही किलोमीटरमध्ये हा बदल होतो. सुट्टीत गाडी भाड्याने घेऊन दोन्ही देश फिरणाऱ्यांनी निघायच्या आधी हे एकमेकांना मोठ्याने सांगावं.

बाहेर पडताना सायकल न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात वाईट चूक, आणि नेदरलँड्समध्ये ती हमखास होते. गावाच्या हद्दीत बहुतेक राउंडअबाउटभोवती सायकलींचा लाल पट्टा असतो आणि हक्क सायकलवाल्याचा असतो. हद्दीबाहेर तो साधारणपणे गाडीचा. काही गावांनी हद्दीतही वेगळं ठरवलंय. त्यामुळे रस्त्यावर रंगवलेले पांढरे त्रिकोण बघायचे. टोक ज्याच्याकडे, त्याने थांबायचं.

माझा दीर आमच्याकडे आला होता. पुण्यात वर्षानुवर्षं गाडी चालवलेला, हात साफ. डेल्फ्टमधल्या एका राउंडअबाउटवर तो शिरला अगदी नीट. डावीकडे बघितलं, थांबला, मग गेला. आणि बाहेर पडताना, आता काम झालं म्हणून, त्याने पाय दाबला. मी ओरडले, ‘थांब!’ ब्रेक लागला तेव्हा पुढे लाकडी खोका लावलेली एक सायकल बॉनेटसमोर होती, आणि खोक्यात दोन लहान मुलं बसलेली. त्या बाईने आमच्याकडे एकदा बघितलं आणि ती पुढे गेली. दीर पांढरा पडला होता. म्हणाला, ‘वहिनी, ती अचानक आली.’

ती अचानक आली नव्हती. मागच्या फाट्यापासून ती आमच्या उजव्या अंगाने, आमच्याच दिशेने चालली होती. त्याची मान शिरतानाच्या डावीकडेच राहिली होती. म्हणून माझा क्रम पक्का आहे: उजवा इंडिकेटर, उजवा आरसा, मग खांद्यावरून मागे, आणि शेवटी समोरून, कारण काही ठिकाणी हा पट्टा दुहेरी असतो. चारही होईपर्यंत पाय ॲक्सिलरेटरवर जात नाही. मागच्याने हॉर्न दिला तर देऊ दे.

टर्बो राउंडअबाउटवर शेवटच्या क्षणी लेन बदलणं

हा प्रकारही डच. डेल्फ्टच्या विद्यापीठातल्या लाम्बर्टस फोर्टाउन यांनी १९९०च्या दशकात मांडलेला. लेन मळसूत्रासारख्या बाहेर सरकत जातात आणि मध्ये उंचवट्याची पट्टी असते. लेन शिरण्याआधीच निवडायची, आत पश्चात्तापाला जागा नाही. चुकलात तर ती लेन नेईल तिकडे जा आणि पुढून वळून या. पट्टीवरून चाक चढवून वाचवलेल्या दोन मिनिटांपायी टायर फाटलेले मी पाहिले आहेत. असल्या शॉर्टकटचा मला मनापासून राग येतो.

बाकीच्या

जर्मनीत शिरताना इंडिकेटर देऊ नका, बाहेर पडताना विसरू नका. ब्रिटनमध्ये उजवीकडे जायचं असेल तर शिरतानाच उजवा द्यावा लागतो.

ब्रिटनमधल्या छोट्या राउंडअबाउटचा मधला पांढरा ठिपका सपाट असला तरी त्यावरून सरळ जायचं नाही, वळसा घालायचा. स्विंडनला असे पाच ठिपके एकत्र आहेत, १९७२ पासून. तिथे पाचांचा मिळून विचार करू नका, समोरच्या एकाचा करा.

रस्ता रिकामा असेल तर पाटीपाशी उगाच थांबू नका. मागचा तुमच्यावर आदळेल.

चक्रात ट्रकच्या बाजूला राहू नका. वळताना त्याचं मागचं अंग आत येतं.

फाटा चुकला तर आणखी एक फेरी मारा. नवख्यांना याचीच लाज वाटते, म्हणून मी पहिल्याच दिवशी त्यांना मुद्दाम दोन-तीन फेऱ्या मारायला लावते, फाटे मोठ्याने मोजत.