फोरॅमचं कवच आधी फोडून बघा

ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून) जुन्या समुद्राचं तापमान काढता येईल, हे हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडलं. ते तुम्ही शिकला आहातच, समीकरणही पाठ असेल. घोळ समीकरणात नसतो, ज्यातला ऑक्सिजन आपण मोजतो त्या फोरॅमच्या, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म एकपेशीय जिवाच्या, कवचात असतो. माझे कित्येक महिने यातच गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्लँक्टिक, म्हणजे तरंगणारा, फोरॅम जगतो वरच्या उबदार पाण्यात. मेल्यावर त्याचं कवच तळाच्या गाळात जातं. तिथे मूळ कॅल्साइट (कवच ज्याचं बनतं ते चुन्याचं खनिज) थोडं थोडं विरघळतं आणि त्याच जागी नवं बसतं. आकार तोच, कप्पे तेच, जातसुद्धा बिनचूक ओळखता येते. पण हे नवं कॅल्साइट तळाच्या गार पाण्यात तयार झालेलं असतं. तुम्ही ते पृष्ठभागाचं तापमान म्हणून मोजता आणि उत्तर थंड येतं. जड ऑक्सिजनच्या प्रमाणात एक प्रति मिल (हजारात एक) वाढ म्हणजे चारेक अंश सेल्सिअस कमी! इओसीनमधले (सुमारे साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे) उष्ण कटिबंधातले समुद्र कित्येक वर्षं असेच उगाच थंड वाटत होते. टांझानियातल्या चिकणमातीत काचेसारखे फोरॅम मिळाले, २००१ मध्ये त्यांचे आकडे छापून आले, आणि ते चांगलेच उबदार निघाले. चिकणमातीतून पाणी फारसं झिरपत नाही, म्हणून ती कवचं टिकली.

मायक्रोस्कोपखाली चांगलं कवच पारदर्शक दिसतं, ओलं केलं की आतले कप्पेही दिसतात. बदललेलं कवच खडूसारखं पांढरं. गंमत म्हणजे फोटोत पांढरंच छान येतं, आणि हात तिकडेच जातो. शंका आली तर एक फोडा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली भिंतीचा छेद बघा. मूळ कण मायक्रॉनहून बारीक असतात. जाड, ठोकळेदार स्फटिक दिसले तर ते कवच समस्थानिक मोजायच्या यंत्रात घालू नका.

आयता डेटाबेस उतरवून थेट आलेख काढणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. संशोधनासाठी गाइड निवडताना त्याचे पेपर मोजू नका. तो स्वतः अजून मायक्रोस्कोपला बसतो का, एवढं विचारा.

सुरुवातीला सगळे फोरॅम सारखेच दिसतात, डोळे दुखतात. घाबरू नका, नजर बसते. आणि नमुना खडूसारखा निघाला तरी फेकू नका. जातींची गणना त्यावर होते, आणि मुळात तळाशीच वाढणाऱ्या बेंथिक फोरॅमचे आकडे एवढे बिघडत नाहीत.