लोणार सरोवर पाहायला जाताना

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर पाहायचे असल्यास हिवाळ्यात जावे आणि उजाडताच खाली उतरायला लागावे, कारण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या उल्काविवरातून परत वर चढताना दुपारचे ऊन चांगलाच घाम काढते. वाटेत झाडीत मोर आणि वानरे दिसतात. वानरांसमोर खाऊची पिशवी उघडू नये.

पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी असून त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. त्यात मासे टिकत नाहीत, तरी काठच्या काळ्या चिखलात लालसर, काटकुळ्या पायांचे शेकाटे चोची खुपसत हिंडतात; त्यांच्यासाठी दुर्बीण हवीच. जून २०२० मध्ये लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले होते, मात्र एरवी ते हिरवटच दिसते. परतताना गावातील दैत्यसूदन मंदिर अवश्य पाहावे.