विंग्ज ओव्हनमध्ये लिबलिबीत होतात? या चुका टाळा

जुलैत आमच्या मालवणात मिठाला पाणी सुटतं, पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो आणि कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. अशा हवेत नळाखालून काढलेले विंग्ज, म्हणजे कोंबडीचे पंख, तसेच ओव्हनमध्ये ढकलायचे आणि मग मला फोटो पाठवायचा, "ताई, कुरकुरीत का नाही झाले?" फोटो न उघडताही उत्तर देता येतं. पाणी राहिलं.

मी काही आईच्या पोटातून शिकून आले नाही. एका गटारीला पुण्याहून भाचा आलेला. त्याचं डाएट चाललेलं, तेलकट नको, वडे नको. म्हटलं, मावशी ओव्हनमध्ये विंग्ज करते, थेंबभर तेल नाही. तीन किलो आणले. संध्याकाळी सहाला धुतले, चाळणीत निथळत ठेवले, दही, आलं-लसूण आणि मालवणी मसाला चोळला आणि आठ वाजता ट्रेमध्ये एकावर एक रचून आत. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. वीस मिनिटांनी ओव्हनच्या काचेवरून आतून ओघळ यायला लागले. ट्रे काढला तर विंग्ज बोटभर गढूळ पाण्यात पोहत होते आणि कातडी ओल्या रेनकोटसारखी सुटून लोंबत होती. आमचे यजमान वाकून बघत म्हणाले, "ह्यो रस्सो आसा. वडे आण."

झालं असं की, वरचं पाणी आटेपर्यंत कातडी शंभर अंशांच्या फारशी पुढे जात नाही. तांबूस रंग आणि खरपूस वास यायला त्याच्या बराच वर, साधारण 140 अंशांच्या पुढे जावं लागतं. तोवर आतलं मांस आपल्याच वाफेत शिजून मोकळं होतं. म्हणजे आपण ओव्हन घेतला आणि त्याचा मोदकपात्र केला. दही तर त्यात भरच घालतं. तंदुरीला ते चालतं, कारण तंदूर ओव्हनच्या दुप्पट तापतो आणि तिथे कातडी काढलेलीच असते.

आता मी काय करते ते सांगते. आदल्या संध्याकाळी जुन्या सुती पंच्याने एकेक विंग पुसते. सांध्याच्या घडीत पाणी लपतं, म्हणून दोनदा पुसते. मीठ आणि बेकिंग पावडर चोळते, ताटात जाळी, जाळीवर विंग्ज एकमेकांना न चिकटता, आणि वर झाकण न घालता रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रिजमधली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी कोरडी. सकाळी कातडी चर्मपत्रासारखी ताठ लागते, बोट चिकटत नाही. पंख्याखाली ओट्यावर वाळवायचा शहाणपणा कोणी करू नये. आमच्या हवेत वाळत काही नाही, नुसतं नासतं. फ्रिजमध्ये सुकट किंवा सुके बांगडे असतील तर आधी डबाबंद करा, नाहीतर सकाळी विंग्जना बांगड्याचा वास मारतो. आणि रात्री वादळात लाईट जाऊन चार तासांच्या वर झाले असतील तर ते विंग्ज टाकून द्या. पैशाकडे बघू नका.

"रात्रभर थांबायला वेळ नाही हो," असं ऐकलं की माझं डोकं फिरतं. वेळ नाही तर त्या दिवशी चिकन सुकं करा. ते अर्ध्या तासात होतं आणि झकास होतं.

दुसरी चूक, जिच्यावर माझा खास राग आहे: बेकिंग पावडरच्या जागी खाण्याचा सोडा. आमच्या शेजारच्या सुनेने पावडर संपली म्हणून तेवढाच सोडा घातला. "दोन्ही पांढरंच ना!" रंग काय सुरेख आला होता, फोटो काढण्यासारखा. सासऱ्यांनी एक घास घेतला, थांबले आणि विचारलं, "साबान लावून धुतलंस काय गो?" सोडा पावडरीच्या तीन-चार पट तीव्र असतो आणि उरलेला सोडा कडवट, साबणासारखाच लागतो. पावडरीत सोड्याबरोबर आम्लही असतं, त्यामुळे ती बेताने काम करते: कातडी किंचित अल्कधर्मी होते, तिच्यातली प्रथिनं लवकर सैलावतात, रंग लवकर चढतो, बारीक बुडबुडे येऊन पृष्ठभाग खडबडीत होतो. किलोला तीन सपाट छोटे चमचे पुरे. पावडरीतही सोडियम असतं, म्हणून मीठ एकच छोटा चमचा. आणि डबा बघून घ्या. पावसाळ्यात आमच्याकडे पावडरीचे गोळे होतात, ती मेलेली असते. चमचाभर गरम पाण्यात टाका, फसफसली नाही तर नवी आणा.

खरेदीतही लोक फसतात. आपल्याकडचे बहुतेक दुकानदार पिसांसकट कातडी ओढून काढतात, आणि कातडीशिवायचे विंग्ज ओव्हनमध्ये सुतळी होतात. पिसं काढायचं मशीन असलेलं दुकान शोधा आणि "कातडी ठेवा" हे दोनदा सांगा. राहिलेली बारीक पिसं गॅसच्या ज्योतीवर फिरवली की जातात. गावठी कोंबडीचे पंख मात्र या भानगडीत घालू नका. ते चिवट, त्यांची जागा रश्शात.

धुतल्याशिवाय जमतच नसेल तर धुवा, पण नळ धो धो सोडून नाही. त्या शिंतोड्यांबरोबर जंतू शेजारच्या कोथिंबिरीवर जातात.

वरून तेल लावू नका. कातडीतच पुरेशी चरबी आहे. तीच वितळून विंग्जना तळते आणि जास्तीची खाली गळते. म्हणून जाळी हवी आणि जाळीखाली ट्रे. जाळीवरच फॉइल पसरणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना काय बोलणार.

माझा ओटीजी, म्हणजे कॉइलवाला छोटा ओव्हन, आधी 120 अंशांवर. अर्धा तास, चरबी सुटेपर्यंत. मग 220 वर चाळीसेक मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. तुमच्या ओव्हनचं बटण खोटं बोलत असणार, दहा मिनिटं इकडे-तिकडे धरा. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, कॉइल धड लाल होत नाही, म्हणून मी हे दुपारीच उरकते. एका वेळी एकच थर. जास्त माणसं असतील तर दोन घाणे.

मसाला सुरुवातीला नाही. मालवणी मसाला 220 ला काळा पडतो आणि कडू होतो. शेवटच्या पाच-सात मिनिटांत, किंवा बाहेर काढल्यावर. मी कोकमाचं आगळ, गूळ आणि ठेचलेला लसूण कढईत दाट होईपर्यंत आटवते आणि गरम विंग्ज त्यात एकदा परतते. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. पण घोळलं की लगेच वाढा. आणि इतकं सगळं करून वर वाटीभर मेयॉनीज घेणार असाल तर सरळ तळूनच खा, निदान चव तरी.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ शिजल्यावरही गुलाबी राहू शकतं. थर्मामीटर असेल तर आत किमान 74 अंश. मी स्वतः 85 च्या आसपास जाऊ देते, सांध्यातला चिवटपणा तेव्हा सुटतो. थर्मामीटर नसेल तर हाड धरून पिळा, सहज फिरलं पाहिजे.

उरले तर मायक्रोवेव्हमध्ये नको, ओव्हनमध्येच 180 वर दहा मिनिटं. अर्थात आमच्याकडे गटारीचे उरले तर प्रश्नच मिटतो. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि ते मांजराच्या नशिबात जातात.