लेथवर लाकडी पेन कसं घडवावं

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, पेनाला आकार यायला सरावलेल्या हाताला वीस मिनिटंही लागत नाहीत. नवख्याला वाटतं तेच खरं काम. माझी पहिली चार पेनं वाया गेली, पण कातताना त्यातलं एकही बिघडलं नव्हतं. एकाचं भोक तिरकं गेलं, एकात पितळी नळी अर्ध्यावर चिकटून बसली, एकाच्या कडा काटकोनात नव्हत्या आणि चौथं शेवटी जुळवताना गेलं. म्हणून इथे कातण्यापेक्षा त्याच्या आधीच्या-नंतरच्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

सुरुवात ‘स्लिमलाइन’ नावाच्या किटने करा. सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारं किट हेच. त्यात दोन पितळी नळ्या, लिहायच्या बाजूचं टोक, क्लिप, टोपी, मधली कडी, रिफिल आणि ती आत-बाहेर करणारी फिरती यंत्रणा असते. नळी ७ मिलिमीटरची, म्हणजे ड्रिलही ७ मिलिमीटरचंच. आपण करायचं ते इतकंच: लाकडाच्या दोन तुकड्यांना भोकं पाडून त्यात नळ्या चिकटवायच्या आणि बाहेरचं लाकूड कातून काढायचं.

किटचं पेन म्हणजे खरं पेन नव्हे, असं नाक मुरडणारेही भेटतील. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आपल्याकडे टोपणापासून आट्यांपर्यंत सगळं लेथवर करून फाउंटन पेन बनवायची परंपरा आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी हाताने बनवलेलं पेन गांधीजींना पोचलं आणि १९३५ मध्ये वर्ध्याहून त्यांनी पसंतीचं पत्र लिहिलं. अशी पेनं बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असतात आणि कातताना खोलीभर गंधकाचा वास सुटतो. पण तिथवर पोचायचं तर आधी हात बसायला हवा, आणि तो किटवर स्वस्तात बसतो.

सामान

टेबलावर मावणारा छोटा वुड लेथ पुरतो. पेनं वीतभरही लांब नसतात, त्यासाठी मोठं मशीन नको. मँड्रेल (जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, ओवायची सळई) घेण्याआधी आपल्या हेडस्टॉकचा (लेथच्या फिरत्या बाजूचा) टेपर, म्हणजे निमुळत्या भोकाचं माप, एमटी-१ आहे की एमटी-२ ते पाहा. मी न पाहता घेतला आणि महिनाभर तो पेपरवेट झाला होता. याशिवाय लागतं ते असं: स्लिमलाइनचे बुश (कुठवर कातायचं ते दाखवणाऱ्या लोखंडी कड्या), ७ मिलिमीटरचं ड्रिल, नळीच्या कडा तासायचा बॅरल ट्रिमर, एक रुंद गोल पटाशी आणि एक तिरकी पटाशी, पॉलिश पेपर, जाडी मोजायला व्हर्नियर, पूर्ण चेहरा झाकणारी काच आणि धुळीचा मास्क. शिसवासारख्या लाकडाची धूळ काहींना चांगलीच बाधते, तेव्हा मास्क टाळू नका.

लेथवर हातमोजे घालायचे नाहीत. ऐकायला उलटं वाटतं, पण फिरत्या जॉबने मोजा पकडला तर त्याबरोबर बोटंही जातात. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस, मनगटावरचा राखीचा दोरा, यातलं काहीही सुटं नको. बटण दाबण्याआधी जॉब हाताने एक फेरा फिरवून कुठे अडत नाही ना ते बघायचं. टूल रेस्ट (पटाशी टेकवायचा आधार) सरकवायचा असेल तर मशीन बंद करूनच.

लाकूड

विकतचे रंगीत ठोकळे मिळतात, पण मजा घरच्या लाकडात आहे. माझं पहिलं जमलेलं पेन आजोळच्या मोडक्या बाजेच्या पायातून निघालं. तो पायही कधीकाळी एखाद्या कातारीने कातलेलाच होता. बाभूळ, शिसव, चिंच, खैर ही घट्ट लाकडं पेनाला उत्तम. फणसाचा पिवळा रंग सुरेख दिसतो. साग मिळतो सगळीकडे, पण त्याचे रेषे मोठे, झिलईला वेळ घेतो. जुन्या लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवा. आत राहिलेला एक चुकार खिळा पटाशीची धार घालवतो.

लाकूड वाळलेलं हवं. ओलं असेल तर पेन झाल्यावर महिन्याभराने तडकतं, तेही भेट दिलेलंच नेमकं. तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की समजायचं वाळलं.

पाऊण इंच चौरस आणि पाच इंच लांब ठोकळा काढा. कापण्याआधी त्याच्या एका बाजूवर लांबीभर एक तिरकी रेघ मारा. मग नळीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त ठेवून दोन तुकडे करा, का ते पुढे येईल. रेघ पाहून तुकडे जुळवले की वरच्या भागातले रेषे खालच्या भागात सरळ उतरतात. ही रेघ विसरलात तर पेन दोन वेगळ्या झाडांचं वाटतं.

भोक

घाई केली तर सगळ्यात जास्त नुकसान इथेच. तुकडा लेथच्या चकमध्ये (फिरत्या पकडीत) आणि ड्रिल टेलस्टॉकमध्ये (समोरच्या, न फिरणाऱ्या बाजूला) धरलं तर भोक मध्यातून सरळ जातं. हातातल्या ड्रिल मशीनने प्रयत्न करू नका. वेग मिनिटाला ५०० ते ७०० फेरे. दर सेंटिमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा झटका, कारण भुसा अडकला की उष्णता वाढते आणि लाकूड आतून तडकतं. ती चीर लगेच दिसत नाही, झिलई करताना दिसते.

ड्रिल पलीकडून बाहेर पडताना लाकडाच्या ढलप्या उडवतं. तुकडा सेंटिमीटरभर जास्त लांब ठेवला तो यासाठीच: भोक आरपार न्यायचं नाही आणि बंद टोक नंतर करवतीने कापायचं. लाकूड थोडं जातं, पण ठोकळा वाचतो.

नळी चिकटवणं

पितळ गुळगुळीत असतं, त्यावर काही धरत नाही. १५० नंबरच्या पॉलिश पेपरने नळी बाहेरून खरखरीत करून घ्या. मग तिचं एक टोक कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबा. बटाट्याचं बूच बसतं आणि गोंद नळीच्या आत शिरत नाही. हे हसण्यावारी नेऊ नका. आत गोंद सुकला की पुढे कोणताच भाग धड बसत नाही.

झटपट चिकटणारा गोंद (सुपरग्लू) बरेच जण वापरतात. मी नवख्याला तो सांगणार नाही, कारण माझी नळी अर्ध्यावर अडकली ती त्याच्यामुळेच. दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांची उसंत मिळते. बूच लावलेलं टोक पुढे करून नळी गोल फिरवत आत सरकवा, म्हणजे गोंद सगळीकडे पसरतो. ती दोन्ही कडांपासून जराशी आत राहायला हवी. रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी बटाटा ढकलून काढा.

आता बॅरल ट्रिमरने दोन्ही कडा नळीशी बरोबर काटकोनात तासायच्या. पितळाची चकचकीत कडी पूर्ण दिसली की लगेच थांबायचं. जास्त तासलं तर नळी आखूड होते आणि रिफिल नको तितकं बाहेर डोकावतं. कमी तासलं तर जोडाशी फट राहते, ती कोणत्याही पॉलिशने बुजत नाही.

कातणं

मँड्रेलवर बुश, तुकडा, मधला बुश, दुसरा तुकडा, बुश या क्रमाने ओवा. शेवटचा नट बोटांनी आवळा, पान्याने नको. टेलस्टॉकचाही दाब बेताचाच. जास्त आवळलं की मँड्रेल वाकतो आणि पेन गोलाऐवजी लंबगोल होतं, एका बाजूला लाकूड बुशशी जुळतं आणि दुसऱ्या बाजूला पायरी राहते.

टूल रेस्ट मध्याच्या किंचित खाली आणि जॉबच्या जवळ हवा. कोपरे जाईपर्यंत वेग १५०० च्या आसपास, मग २५०० पर्यंत न्या. पटाशी आधी रेस्टवर टेकवा, मग तिची उतरती पाठ लाकडाला नुसती घासू द्या आणि मग हँडल हळूच उचला, म्हणजे धार कापायला लागते. थेट धार घुसवली तर पटाशी अडकून ढलपा उडतो. लांब दोऱ्यासारखा कीस निघाला तर सगळं ठीक आहे. नुसती धूळ उडू लागली की हात थांबवा आणि धार लावा.

टोकाशी लाकडाची जाडी शेवटी जेमतेम अर्धा मिलिमीटर उरते. म्हणून बुशच्या बरोबरीला येण्याआधीच पटाशी बाजूला ठेवा, उरलेलं काम पॉलिश पेपरचं. मधला भाग किंचित फुगीर ठेवलात तर हाताला बरा लागतो, सरळ दांडी मला तरी हॉस्पिटलच्या थर्मामीटरसारखी वाटते.

घासणं आणि झिलई

टूल रेस्ट काढून टाका, वेग हजारापर्यंत उतरवा. २४०, ३२०, ४००, ६०० असे नंबर क्रमाने, एकही न गाळता. प्रत्येक नंबरनंतर मशीन बंद करून लाकडाच्या रेष्यांच्या दिशेने उभं घासा, नाहीतर गोल ओरखडे राहतात. फणसासारख्या फिक्या लाकडावर बुशच्या लोखंडाची काळी पूड बसते, तेव्हा कडांशी जपून.

झिलईचे दोन रस्ते आहेत. एक सुताराचा: चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून टिश्यू पेपरने पातळ थर द्यायचे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी करणारे तर लाखेची कांडीच फिरत्या लाकडावर दाबतात आणि घर्षणाने ती वितळून बसते. लाखेची चमक देखणी, पण घामाने आणि सॅनिटायझरने ती उतरते. रोज खिशात राहणाऱ्या पेनाला झटपट गोंदाचेच आठ-दहा पातळ थर द्यावेत, काचेसारखं कवच तयार होतं. खिडकी उघडी ठेवा, वाफेने डोळे झोंबतात. हा गोंद कापसावर किंवा सुती कापडावर कधीही घेऊ नका, दोन्ही भेटले की चटका बसण्याइतकं तापतं. शिवाय फिरत्या जॉबवर कापड गुंडाळलं जातं ते वेगळंच. कागदी टिश्यूच बरा.

जुळवणी

लाकडाचे तुकडे जबड्यांना लावून बाकाचा व्हाइस (शिकंजा) वापरून भाग दाबा. खालच्या नळीत आधी टोक दाबून बसवा. मग दुसऱ्या बाजूने फिरती यंत्रणा, पितळी बाजू आत करून. तिच्यावर खाच दिसते, तिच्या थोडं अलीकडेच थांबा. रिफिल लावून फिरवून बघा. रिफिलचं टोक पुरेसं बाहेर येत नसेल तर यंत्रणा केसभर दाबा, पुन्हा बघा. मग वरच्या नळीत क्लिप आणि टोपी, मधली कडी, आणि रेषे जुळवून दोन्ही भाग एकमेकांत.

यंत्रणा जास्त आत गेलीच तर ओढून काढायच्या फंदात पडू नका, लाकूड तडकतं. रिफिल काढा, मागून नळीत जाईल अशी बारीक लोखंडी सळई घाला आणि टोक हलकेच ठोकून बाहेर काढा. मग टोकाच्या मोकळ्या झालेल्या बाजूने थोडी जाड सळई घालून यंत्रणाही मागे ठोकता येते. अशा किटमध्ये क्रॉस पद्धतीचं रिफिल बसतं, नेहमीचं टपरीवरचं नाही. दोन जास्तीची आणून ठेवा.